गुलाबी उडाला, पानं निळी झाली

प्रश्न : मी रत्नागिरीला राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून जलरंगात फुलं रंगवते, अधूनमधून चित्रं विकलीही जातात. तीन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाने माझं बोगनवेलीचं चित्र साडेचार हजारांना घेतलं होतं. परवा त्यांच्याकडे मुंजीला गेले आणि चित्र बघून पोटात गोळाच आला. गुलाबी जवळजवळ उडालाय, पानं हिरवीची निळसर झालीत. देठ आणि मागची भिंत मात्र जशीच्या तशी. चित्र पश्चिमेच्या बाल्कनीसमोर लावलंय. घरचे काही बोलले नाहीत, मीही गप्प बसले. माझ्याकडे १८ नळ्यांचा विद्यार्थी संच आहे. बोगनवेलीला मी त्यातला क्रिमसन लेक आणि वेगळी आणलेली ऑपेरा रोझ वापरली होती, पानांना सॅप ग्रीन आणि गॅम्बोज. दुकानदार म्हणतो, परदेशी रंग घ्या. मैत्रीण म्हणते, चित्रावर यूव्ही वार्निश मारा. जुनं चित्र दुरुस्त करता येईल का? पुढच्या चित्रांसाठी रंग निवडायचे कसे? आणि त्या कुटुंबाला काय सांगू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. देठ आणि मागची भिंत जशीच्या तशी आहे, असं तुम्ही लिहिलंय. कागद तोच, काच तीच, ऊनही तेवढंच. देठ आणि भिंत तुम्ही बहुधा बर्न्ट सिएना, यलो ऑकर अशा मातकट रंगांनी रंगवली असणार. ते टिकले आणि गुलाबी उडाला. म्हणजे तुमचा अख्खा संच काही वाईट नाही. त्यात काही रंग पक्के आहेत आणि काही कच्चे, आणि नेमके कच्चे चित्राच्या मध्यभागी गेले.

हे मी अंदाजाने लिहितोय. खात्री करायची असेल तर पुढच्या वेळी त्या घरी गेलात की चित्र फ्रेममधून काढून बघा. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, कडेखाली कागदाची जी चिंचोळी पट्टी झाकलेली असते, तिथे उजेड पोचलेला नसतो. फुलाची एखादी पाकळी, पानाचं एखादं टोक त्या पट्टीत गेलं असेल, तर तीन वर्षांपूर्वीचा मूळ रंग तिथे शाबूत सापडेल. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये रेन्वा या फ्रेंच चित्रकाराच्या १८८३ सालच्या एका व्यक्तिचित्राच्या बाबतीत हेच झालं. श्रीमती क्लापिसाँ नावाच्या बाईंचं ते चित्र. त्यांच्या मागची पार्श्वभूमी फिकट, थंड रंगाची आहे असंच सगळे धरून चालले होते. फ्रेम काढली तेव्हा कडेला भडक तांबडा निघाला. रेन्वाने तिथे कोशिनील किड्यापासून बनणारा कार्माइन वापरला होता आणि उजेडाने तो खाऊन टाकला होता.

पानं निळी का झाली, हे त्याहून गमतीचं आहे. सॅप ग्रीन ही सहसा एका रंगद्रव्याची नळी नसते. कंपनी निळसर हिरव्यात पिवळा मिसळून ती तयार करते. स्वस्त संचात हा पिवळा कच्चा असू शकतो. तुम्ही त्यात वर गॅम्बोज मिसळलात. पिवळा गेला, मागे निळसर छटा उरली. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांच्या फुलदाण्यांमध्ये निळी पानं दिसतात ती याच कारणाने. व्हॅन गॉगने फ्रान्समधल्या आर्ल्स गावातल्या आपल्या झोपायच्या खोलीचं चित्र १८८८ साली काढलं, तेव्हा भावाला लिहिलेल्या पत्रात भिंती फिकट जांभळ्या असल्याचं सांगितलंय. आज त्या भिंती निळ्या दिसतात, कारण जांभळ्यातला तांबडा उडाला. नवे रंग टिकाऊ नाहीत हे त्याला ठाऊक होतं. काळ ते फिके करणारच, म्हणून आत्ता भडक वापरा, असा त्याचा हिशेब होता. व्हॅन गॉगला तो परवडला. साडेचार हजार रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकाला तो समजावून सांगणं तुम्हाला जड जाईल.

आता रंग निवडायचे कसे, याकडे येतो. नळीवरचं नाव वाचून निवडू नका. क्रिमसन, रोझ, सॅप ग्रीन ही दुकानातली नावं. एकाच नावाच्या दोन कंपन्यांच्या नळ्यांत दोन वेगळी रंगद्रव्यं असू शकतात. नळीच्या मागे, बारीक अक्षरात, रोमन लिपीत एक सांकेतिक क्रमांक असतो, तो शोधा. वाचायला चष्मा लागेल, पण सगळी माहिती तिथेच आहे. पी म्हणजे पिगमेंट, रंगद्रव्य. त्यापुढे आर असेल तर लाल, वाय पिवळा, बी निळा, जी हिरवा, व्ही जांभळा, बीआर तपकिरी. मग आकडा. पीआर८३ म्हणजे अलिझरिन क्रिमसन, मग नळीवर काहीही काव्यमय नाव असो. हा क्रमांक आंतरराष्ट्रीय आहे, त्यामुळे मुंबईच्या कंपनीचा पीबी२९ आणि लंडनच्या कंपनीचा पीबी२९ दोन्ही अल्ट्रामरीनच. दळण कमीजास्त बारीक असेल, भर कमीजास्त असेल, पण उजेडात टिकण्याचा गुण त्या रंगद्रव्याचा असतो. नळीवर दोनतीन क्रमांक असतील तर ते मिश्रण आहे, आणि त्यातला सगळ्यात कच्चा रंग जेवढा टिकेल तेवढीच त्या छटेची खात्री. क्रमांकच छापलेला नसेल, तर ती नळी विकायच्या चित्रासाठी घेऊ नका, मग ती कितीही महाग असो.

क्रमांकाशेजारी बहुतेक वेळा टिकाऊपणाची खूणही असते. अमेरिकेतल्या एएसटीएम या मानक संस्थेची प्रतवारी एकपासून पाचपर्यंत जाते, आणि ती रोमन आकड्यांत छापतात. एक आणि दोन डोळे झाकून घ्या. तीनपासून पुढचं विकायच्या चित्रात नको. काही कंपन्या चांदण्या छापतात, काही अधिकची चिन्हं. विन्सर अँड न्यूटन एए, ए, बी, सी अशी अक्षरं वापरते, त्यातले पहिले दोन चालतील. कापडाच्या धंद्यातून आलेलं ब्लू वूल नावाचं एक मापही तुम्हाला कुठे कुठे दिसेल. निळ्या रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या, पहिली सगळ्यात आधी उडते, आणि पुढची प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या साधारण दुप्पट वेळ तग धरते. त्यावर सात किंवा आठ मिळवणारा रंग चित्राला योग्य.

तुमच्या नळ्यांची झडती घेऊ. क्रिमसन लेक. लेक म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग तुरटीच्या साहाय्याने पांढऱ्या भुकटीवर बसवून केलेलं रंगद्रव्य. काही लेक बरे टिकतात, पण लाल-गुलाबी घराण्यातले जुने लेक बहुतेक कच्चे. उदाहरणार्थ, मंजिष्ठेच्या कुळातल्या झाडाच्या मुळांमधला तांबडा रंग १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवला, तोच अलिझरिन. दिसायला इतका सुंदर, खोल, काळसर तांबडा की चित्रकारांच्या हातून तो सुटता सुटत नाही. एएसटीएमच्या प्रतवारीत तैलरंगात त्याला तिसरी प्रत आहे आणि जलरंगात चौथी.

रंगद्रव्य तेच, मग जलरंगात प्रत खाली का? कारण जलरंगाचा थर म्हणजे कागदाच्या तंतूंवर बसलेले मोजके कण. तैलरंगात वरचे कण खालच्यांना झाकतात, भोवती तेलाचं कवच असतं. पातळ वॉशमध्ये, म्हणजे भरपूर पाणी घालून पसरलेल्या रंगात, झाकायला कुणी नसतं. म्हणूनच बोगनवेलीची सावलीतली, गडद भरलेली पाकळी अजून थोडीफार गुलाबी असेल आणि उन्हातली, पाणी घालून फिकी केलेली पाकळी पार पांढरी पडली असेल. फोटो पाठवला असतात तर हे बघून सांगता आलं असतं. नळीवरची प्रत चांगली असली तरी पातळ वॉशला थोडी कमीच धरायची.

ऑपेरा रोझबद्दल तर बोलूच नये. बोगनवेलीचा तो झगझगीत गुलाबी दुसऱ्या कुठल्याही नळीतून निघत नाही, हे मान्य. पण तो झगझगाट फ्लुरोसंट डायचा, म्हणजे विरघळणाऱ्या चमकत्या रंगाचा, असतो. बहुतेक कंपन्या पीआर१२२ या चांगल्या, पक्क्या किरमिजी रंगद्रव्यात फ्लुरोसंट डाय मिसळून ऑपेरा बनवतात. डाय काही महिन्यांच्या उन्हात निघून जातो आणि खाली पीआर१२२ चा शांत गुलाबी उरतो. तुमच्या चित्रात तो जो काही गुलाबी शिल्लक आहे, तो बहुधा हाच. गंमत बघा, ऑपेरा तुम्ही संचाबाहेरून, वेगळे पैसे मोजून आणलीत, आणि संचातला यलो ऑकर तिच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकेल. कारण ऑकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड हे लोखंडाचे ऑक्साइड आहेत. सरळ सांगायचं तर गंज. जे आधीच गंजलंय त्याचं उजेड आणखी काय बिघडवणार? गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना, आणि काही लेण्यांत बाहेरून आलेला लाजवर्द दगड, एवढ्या सामग्रीवर अजिंठ्याची चित्रं उभी आहेत. तिथला गिलावा सुटला, पाणी मुरलं, वटवाघळांनी घाण केली, नंतर कुणीकुणी वार्निश फासून ती पिवळी केली. या सगळ्यातून जो गेरू वाचला तो अजून गेरूच आहे.

गॅम्बोज हा मुळात एका झाडाचा चीक. तुमच्या कोकमाच्याच कुळातलं झाड. खरा गॅम्बोज कच्चाच, पण आता नळीत तो सहसा नसतो. त्या नावाखाली मिश्रण विकतात, आणि ते चांगलंही असू शकतं, वाईटही. पुन्हा तेच, क्रमांक बघा.

त्यांच्या जागी काय? खर्च फक्त गुलाबी, पिवळा आणि एका हिरव्यावर करा. बाकी संच राहू दे. गुलाबीसाठी पीव्ही१९ ची रोझ छटा आणि पीआर१२२, या दोनच नळ्या. दोन्ही क्विनाक्रिडोन घराण्यातल्या. हे रंग १९५८ मध्ये बाजारात आले आणि पुढे मोटारींच्या रंगात गेले. जी गाडी वर्षानुवर्षं रस्त्यावर उन्हात उभी राहणार, तिच्या रंगाची परीक्षा काय झाली असेल याचा विचार करा. पीव्ही१९ चं नाव एका कंपनीत परमनंट रोझ असतं, दुसरीत क्विनाक्रिडोन रोझ, तिसरीत आणखी काही. पिवळ्यासाठी पीवाय१५४ किंवा पीवाय१५०. पहिला स्वच्छ लिंबाकडे झुकणारा, दुसरा जरा सोनेरी आणि पानांच्या हिरव्यात फार छान मिसळणारा. लाल लागला तर पीआर२५४ किंवा पीआर२५५, हेही १९८० च्या दशकात आलेले मोटारीवाल्यांचेच रंग. निळ्यांत पीबी२९ अल्ट्रामरीन आणि पीबी१५ थॅलो तुमच्याकडे असतीलच, दोन्ही पक्के. प्रशियन ब्लू, म्हणजे पीबी२७, जरा लहरी आहे. उन्हात फिका पडतो आणि अंधारात ठेवला की बराचसा परततो. विकायच्या चित्रात मी तो वापरत नाही, पण स्केचबुकात त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही.

जांभळ्याला वेगळी नळी घेऊ नका. बाजारात सर्रास मिळणारा पीव्ही२३ काही कंपन्यांचा टिकतो, काहींचा पातळ वॉशमध्ये निळसर पडतो. अल्ट्रामरीनमध्ये पीव्ही१९ मिसळा, तुम्हाला हवा तो जांभळा मिळेल.

हिरव्याचं मात्र मनावर घ्या. पीजी७ थॅलो ग्रीन ही एक नळी घ्या. एकटी लावली तर प्लास्टिकच्या बादलीसारखी दिसते, त्यामुळे लोक ती टाळतात. पण तिच्यात पीवाय१५० घातला की कोवळं पान, बर्न्ट सिएना घातला की जून पान, आणि चिमूटभर पीव्ही१९ घातला की राखी-हिरवी सावली. सॅप ग्रीनची नळी तुम्हाला आठवणारही नाही. शिवाय हिरव्यातला प्रत्येक घटक पक्का असल्यामुळे पान निळं व्हायचा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही म्हणाल, पण ऑपेराचा झगझगाट? नळीतून तो येणार नाही, शेजारच्या रंगातून आणावा लागेल. बोगनवेलीच्या झुबक्याकडे जवळून बघा. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत कागदासारखी पानं आहेत. खरं फूल म्हणजे आतली ती बारीक, पांढरट नळी. तिची जागा कागदावर कोरी सोडा, रंगच लावू नका. पाकळ्यांना पीआर१२२ एकाच दमात, भरपूर रंगाने द्या, पुन्हा पुन्हा पुसून मळवू नका. आणि लगतच्या पानांत आत्ता सांगितलेली राखी-हिरवी सावली घाला. मळकट हिरव्याच्या कुशीत बसलेला किरमिजी डोळ्यांना दुप्पट पेटलेला दिसतो. ऑपेरा वापरणारे बरेच जण गुलाबी भडक आणि हिरवाही भडक लावतात, आणि मग सगळंच ओरडायला लागतं.

परदेशी की देशी, हा प्रश्न मला फारसा पटत नाही. क्रमांक आणि प्रत छापलेली असेल तर कुठलीही कंपनी घ्या. आर्टिस्ट दर्जाच्या नळीत रंगद्रव्य जास्त, भर कमी, म्हणून ती महाग. विद्यार्थी दर्जात महागडं रंगद्रव्य परवडत नाही म्हणून त्या जागी दुसरं घालतात, आणि तिथेच कच्चा माल शिरायची शक्यता. पण मातीचे रंग, अल्ट्रामरीन, काळा हे विद्यार्थी दर्जातही सहसा ठीक असतात. तुमच्या हिशेबाने चारपाच नळ्या चांगल्या आणल्या की भागलं. दुकानदाराला अख्खा परदेशी संच खपवायचा असेल तर त्याला नमस्कार करा. संचात १८ पैकी चारपाच रंग तुम्ही आयुष्यात वापरणार नाही.

माझ्यासकट कुणाच्याही शब्दावर विसंबू नका. घरी परीक्षा घ्या. रत्नागिरीत त्यासाठी दिवाळीनंतरचा काळ चांगला, पावसाळ्यात ऊनच मिळत नाही. चांगल्या कागदाच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापा. प्रत्येक पट्टीवर एक रंग, वरच्या टोकाला घट्ट आणि खाली पाणी वाढवत अगदी फिका. मागे पेन्सिलीने नळीचं नाव, क्रमांक आणि तारीख. पेनने लिहू नका, पेनची शाईही उडते. मग पट्टी उभी कापून दोन तुकडे करा. एक तुकडा पाकिटात घालून कपाटात, दुसरा दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून, रंगाची बाजू बाहेर करून चिकटवा. मेअखेरीला दोन्ही तुकडे शेजारी ठेवा. क्रिमसन लेक, ऑपेरा आणि पीव्ही१९ या तिघांच्या पट्ट्या एकत्र लावा. फरक दाखवायला भिंग लागणार नाही. हळदीत बुडवलेला कागदाचा तुकडाही सोबत लावा, नातवंडं असतील तर त्यांना मजा वाटेल. तो सगळ्यात आधी पांढरा होईल.

याच परीक्षेत तुमच्याकडचे ब्रशपेन, मार्कर, स्केचपेन आणि बाटलीतले फोटो कलर बसवा. यांतले बहुतेक डायवर चालतात. शुभेच्छापत्रांना, छापण्यासाठी स्कॅन करायच्या कामाला उत्तम, भिंतीवर टांगायच्या चित्राला नाही.

वार्निशचं थोडक्यात सांगतो. यूव्ही वार्निश आणि यूव्ही काच दोन्ही खऱ्या आहेत. चांगली काच अतिनील, म्हणजेच यूव्ही, किरणं ९९ टक्क्यांपर्यंत अडवते. पण कच्चा रंग फक्त अतिनीलाने उडत नाही. डोळ्यांना दिसणारा साधा उजेडही त्याला खातो, आणि तो अडवला तर चित्र दिसणार कसं? वार्निशने ऑपेराचं आयुष्य थोडं लांबेल, ती पक्की होणार नाही. शिवाय जलरंगावर वार्निश मारलं की कागदाचा तो मऊ, कोरडा पोत जातो. मैत्रिणीला सांगा, तिच्या ॲक्रिलिकवर मारू दे.

ऊन किती महागात पडतं, त्याचा हिशेब करून दाखवतो, कारण तो गिऱ्हाइकालाही सांगता येईल. संग्रहालयात जलरंगाच्या चित्रावर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) एवढाच उजेड ठेवतात. रोज १० तास, वर्षाचे ३०० दिवस धरले तर दीड लाख लक्स-तास झाले. भर दुपारचं ऊन सुमारे एक लाख लक्स असतं. म्हणजे संग्रहालयातलं अख्खं वर्ष उन्हात दीड तासात संपतं. नुकसान साठत जातं, रात्री चित्र विश्रांती घेऊन बरं होत नाही. खिडकीची काच आणि बाल्कनीचं छत यांनी ऊन थोडं कमी होतं हे खरं, तरी पश्चिमेच्या बाल्कनीसमोर तीन वर्षं काढलेल्या चित्राने किती संग्रहालयी वर्षं भोगली, तुम्हीच मोजा. एवढ्या उन्हात पक्के रंगही अनंतकाळ टिकणार नाहीत. रेशमी साडी आपण सावलीत वाळवतो, आणि चित्र मात्र समोरच्या भिंतीवर छान दिसतं म्हणून उन्हात लावतो.

तुमच्या स्वतःच्या घरी असलेल्या चित्रांना आणखी एक शत्रू आहे, कोकणातला ओलावा. इंग्लंडमध्ये रसेल आणि ॲबनी या दोन शास्त्रज्ञांनी जलरंगांवर उजेडाचा काय परिणाम होतो याचा मोठा अहवाल १८८८ मध्ये सरकारला दिला. हवा आणि ओल काढून टाकलेल्या काचेच्या नळीत बरेच कच्चे रंगसुद्धा टिकले, असं त्यांना आढळलं. म्हणजे उजेडाला साथ दमटपणाची मिळते. रत्नागिरीत हवा कोरडी करणं आपल्या हातात नाही, पण बाहेरच्या, पाऊस झोडपणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे मागून हवा खेळेल. काचेला कागद टेकू देऊ नका, मधे माउंट हवाच. माउंट आणि कागद दोन्ही ॲसिडमुक्त घ्या, नाहीतर रंग पक्के आणि कागद पिवळा अशी गत होईल. आणि फ्रेमवाल्याला सेलोटेप वापरू देऊ नका.

जुन्या चित्राची दुरुस्ती करू नका. विटलेल्या गुलाबीवर नवा गुलाबी चढवला तर कडा जुळत नाहीत, कागदाची चकाकी बदलते आणि ते रंगवलेलं चित्र न वाटता रंगवलेली दुरुस्ती वाटते. तोच विषय, तेवढ्याच मापात, नव्या रंगांनी पुन्हा काढा. जुन्या चित्राचा फोटो तुमच्याकडे असेलच.

त्या कुटुंबाला सांगाच. ते गप्प बसले म्हणजे त्यांच्या लक्षात आलं नाही असं नाही. त्यांना तुम्हाला दुखवायचं नाही, एवढंच. फोन करून लांबलचक माफी मागण्यात अर्थ नाही, तसं केलंत तर तेच तुमची समजूत काढत बसतील. मी असं लिहीन : "वहिनी, परवा चित्र बघितलं. मी वापरलेला गुलाबी रंग कच्चा निघाला. आता पक्के रंग आणलेत, त्याच मापाचं नवं चित्र काढून देते, फ्रेम तीच वापरू. फक्त या वेळी बाल्कनीसमोर नको, आतल्या भिंतीवर लावूया." पैसे घ्यायचे की नाहीत? माझं मत, घेऊ नका. भिंत त्यांनी निवडली हे खरं, पण ऊन लागू देऊ नका असं विकताना तुम्ही सांगितलं नव्हतं. कागदाचा आणि रंगाचा खर्च काही शे रुपयांचा, आणि एक चित्र म्हणजे तुमचे काही दिवस. एकदाच करायचं आहे. त्यांनी जुनं चित्रही ठेवायचं म्हटलं तर आनंदाने ठेवू द्या. काहींना ते विटलेलंच आवडू लागलेलं असतं.

याच तीन वर्षांत तुम्ही आणखी कुणाकुणाला चित्रं विकलीत, त्यांची यादी काढा. ज्यांत ऑपेरा किंवा क्रिमसन लेक वापरलाय त्यांना निदान एवढं कळवा की चित्र उन्हापासून हलवा. सगळ्यांना नवी चित्रं देत बसू नका, तेवढी तुमची पेन्शन नसेल. आणि इथून पुढे प्रत्येक चित्राच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा : तारीख, कागद, वापरलेल्या रंगांचे क्रमांक, आणि "थेट ऊन नको" हे तीन शब्द. गिऱ्हाइकाला क्रमांक कळणार नाहीत, पण चित्रकाराने काळजी घेतलीय हे कळतं. उद्या काही बिघडलं तर नेमकं काय बिघडलं हे तुम्हालाही चिठ्ठी वाचून सांगता येईल, आज माझ्यासारखा अंदाज करावा लागणार नाही.

राहिल्या जुन्या नळ्या. ऑपेरा फेकू नका. स्केचबुक मिटलेलं असतं, त्यात उजेड जात नाही, तिथे ती वर्षानुवर्षं झगझगत राहील. क्रिमसन लेकचंही तेच. फक्त दोन्ही नळ्यांच्या टोपणांवर काळ्या मार्करने फुली मारून ठेवा, म्हणजे घाईत विकायच्या चित्रासाठी हात तिकडे जाणार नाही.